रानफुलांचा फोटो काढताना एक पाऊल मागे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण लागला की वाचकांनी पाठवलेले रानफुलांचे फोटो आपल्या पानावर दिसू लागतात. येऊर, मामा-भाचे डोंगर, पारसिक, घणसोलीजवळचा गवळीदेव, खारघरच्या टेकड्या, यांतले काही ना काही ठाणेकर आणि नवी मुंबईकरांच्या हाकेच्या अंतरावर आहे, आणि बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा फोन आता बहुतेकांच्या खिशात असतो. ही फार चांगली गोष्ट आहे. तरीही यातले कितीतरी फोटो एकाच कारणाने फसलेले असतात. फोन फुलाच्या अगदी अंगावर नेलेला असतो. मग पुढची पाकळी फुगलेली, मधले पुंकेसर धूसर, फुलावर फोनचीच सावली आणि मागे आकाशाचा पांढरा चट्टा. फोन इतका जवळ न्यायचा तर माणूसही झुडपात शिरतो, आणि त्या एका फुलासाठी आजूबाजूची रोपे पायाखाली जातात. एक पाऊल मागे सरकले तर फोटो सुधारतो आणि रोपही वाचते. ते कसे, हे जरा तपशिलात लिहीत आहोत. जागा द्यावी ही विनंती.

आधी फोनबद्दल. मागच्या बाजूला दोन-तीन लेन्स असल्या तरी त्यांचे काम सारखे नसते. मुख्य लेन्सचा सेन्सर सर्वांत मोठा, त्यामुळे रंग आणि बारकावे तिच्यातच सर्वांत चांगले येतात. पण सेन्सर जितका मोठा तितके तिला जवळचे कमी दिसते. बऱ्याच नव्या फोनची मुख्य लेन्स साधारण १० ते २० सेंटीमीटरच्या आत फोकस करतच नाही. तुम्ही त्याहून जवळ गेलात की फोन न सांगता अल्ट्रावाइड लेन्सवर उडी मारतो. ही लेन्स २-३ सेंटीमीटरवरूनही स्पष्ट पाहते, म्हणून फोनवाले तिलाच ‘मॅक्रो’ म्हणतात. पण तिचा सेन्सर लहान, कोन फार रुंद, कडेला आकार ताणणारा. आणि दोन सेंटीमीटरवर धरलेला फोन फुलाचा उजेडच अडवतो. स्वस्त फोनमध्ये ‘मॅक्रो’ म्हणून जी वेगळी २ मेगापिक्सेलची लेन्स देतात तिच्यापासून तर दूरच राहावे. तिच्यात फोकस एकाच अंतरावर पक्का बसवलेला असतो आणि फोटो छापण्याजोगा येत नाही.

यावर उपाय असा. फोन फुलापासून वीसेक सेंटीमीटरवर, म्हणजे साधारण वीतभर अंतरावर धरा आणि २x निवडा. ४८ किंवा ५० मेगापिक्सेलच्या बहुतेक फोनमध्ये २x म्हणजे मुख्य सेन्सरचा मधला भाग, त्यामुळे बारकावे फारसे हरवत नाहीत. या अंतरावर १x ला चौकटीची लांब बाजू सुमारे ३० सेंटीमीटरचा पट्टा टिपते, २x ला सुमारे १५. कळलावीचे फूल यात अर्ध्याहून जास्त चौकट व्यापते, तेरड्याचे फूल पाव चौकट. एवढे पुरते, उरलेले काम क्रॉप करून होते.

आपल्या फोनचे नेमके अंतर किती, हे घरीच तपासावे. टेबलावर फूटपट्टी आणि तिच्या शून्याशी याच अंकातला मजकूर उभा ठेवा. आपोआप मॅक्रोवर जाण्याची सोय बंद करा. आयफोनच्या प्रो मॉडेलांत सेटिंगमधून मॅक्रो कंट्रोल चालू केले की पडद्यावर फुलाचे छोटे चिन्ह येते, ते दाबून मॅक्रो बंद होते. सॅमसंगच्या वरच्या फोनांत याला फोकस एनहान्सर म्हणतात. मग फोन हळूहळू पुढे सरकवत अक्षरे जिथे विरघळू लागतात तिथला आकडा लक्षात ठेवा. तशीच दुसरी चाचणी टेलिफोटो, म्हणजे दूरचे मोठे करून दाखवणाऱ्या लेन्सची. ३x निवडा, अर्ध्या हातावरची वस्तू पडद्यात घ्या आणि टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. चित्र तरीही दिसत राहिले तर तुमचा फोन त्या अंतरावर टेलिफोटो वापरतच नाही, मुख्य लेन्सचेच चित्र ताणून दाखवतो आहे. पुष्कळ फोनांची टेलिफोटो अर्ध्या मीटरच्या आत किंवा त्याहूनही थोडे दूरपर्यंत फोकस करत नाही. जंगलात ‘३x ला फोटो भुरकट येतो’ अशी जी तक्रार असते तिचे मूळ बहुधा इथे असते.

फार बारीक फुलांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. केन्याचे निळे फूल जेमतेम दीड सेंटीमीटरचे. वर सांगितलेल्या रीतीने ते चौकटीच्या दहाव्या भागात मावते. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत म्हणजे ४०० पिक्सेल. त्यात निळ्या दोन पाकळ्या कळतात, पण वरचे पिवळे वांझ पुंकेसर आणि खालचे खरे पुंकेसर वेगळे दिसत नाहीत. इथे बाहेरून लावायची क्लोज-अप लेन्स घ्यावी, आणि घेताना नंबर पाहावा. हिशेब चष्म्याच्या नंबरासारखाच आहे. १ मीटरला नंबराने भागले की फुलापासूनचे अंतर मिळते. +१० नंबरची लेन्स १० सेंटीमीटरवर फोकस करते. ही लेन्स मुख्य कॅमेऱ्याऐवजी ३x टेलिफोटोवर बसवली तर १० सेंटीमीटरवरून चौकटीत सुमारे ५ सेंटीमीटर रुंदीचा भाग येतो आणि केन्याचे फूल ४०० ऐवजी सुमारे १२०० पिक्सेलांचे होते. शिवाय फोन दहा सेंटीमीटर लांब राहतो, सावली पडत नाही, फुलावरची मुंगीही जागची हलत नाही. बाजारात ‘१५x’ लिहिलेल्या चिमट्याच्या लेन्स मिळतात, त्या घेऊ नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या दोन-तीन सेंटीमीटरवर चालतात, कडेला जांभळी-हिरवी झालर सोडतात आणि एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडचे सगळे धूसर करतात. क्लोज-अप लेन्स लावण्यापूर्वी फोनचे कव्हर काढा, नाहीतर ती तिरकी बसते आणि चौकटीची एक बाजू धूसर राहते.

आता मागची बाजू, म्हणजे फुलामागचा पसारा. तो घालवायला बहुतेक जण पोर्ट्रेट मोड लावतात. माणसाच्या चेहऱ्यासाठी बनवलेली ही युक्ती रानफुलावर हमखास फसते, आणि कळलावी हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण. या फुलाच्या सहा लाटदार पाकळ्या वर वळलेल्या असतात, सहा पुंकेसर खाली आणि बाजूला चक्रासारखे पसरतात, आणि कुक्षीवृंत (स्त्रीकेसराचा बारीक दांडा) बीजांडकोशापाशी जवळजवळ काटकोनात वळून एका बाजूला निघून जातो. पानांची टोकेसुद्धा तणाव्यांसारखी वळून शेजारच्या काटकीला धरतात. फोनचा संगणक या बारीक रेघांतली निम्मी मागच्या हिरव्यात मिसळून टाकतो. पुंकेसर मध्येच तुटलेले दिसतात, पाकळ्यांमधल्या फटीत मागची पाने तशीच स्पष्ट राहतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो फोटो चुकीचाच झाला.

खरी धूसरता अंतरातून येते. फूल लेन्सपासून २० सेंटीमीटरवर आणि मागची झाडी दोन मीटरवर असेल तर साध्या मोडमध्येही ती मऊ होते. म्हणून फुलापाशी पोचल्यावर लगेच बटण दाबू नका. त्याच्याभोवती वाटेवरूनच जितके फिरता येईल तितके फिरा आणि कोणत्या बाजूने मागे मोकळी, सावलीतली जागा येते ते पाहा. बहुतेक वेळा उभ्याने वरून टिपल्यामुळे मागे चिखल आणि पाचोळा येतो. फुलाच्या उंचीला यावे. जमिनीलगतच्या फुलासाठी खाली झोपायची गरज नसते. फोन उलटा धरा म्हणजे लेन्स खालच्या कडेला येते, आणि पडदा वरून तिरका पाहत घ्या. पोर्ट्रेट मोडपेक्षा या एका सवयीने जास्त फरक पडतो.

रंगांबाबत फोनवर पूर्ण विसंबू नये. हिरव्या गर्द पानांत एकच पिवळे किंवा पांढरे फूल असले की फोन सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, पानांसाठी उजेड वाढवतो आणि फूल जळून जाते. कवल्याच्या पिवळ्या पाकळीवर तांबडे ठिपके असतात. जळलेल्या फोटोत ते फिके नारिंगी होतात आणि पाकळीच्या शिरा नाहीशा होतात. फुलावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतील. मग बाजूला येणाऱ्या सूर्याच्या चिन्हावरून बोट खाली ओढा. पिवळ्याला साधारण उणे ०.७, पांढऱ्या मुसळीला उणे १. लाल रंगाला आणखी जपावे लागते. पळस, पांगारा, गुलमोहोर यांच्या पाकळीत लाल इतका जास्त असतो की बाकीचा फोटो बरोबर उजेडाचा असतानाही लाल कमाल मर्यादेला पोचून सपाट होतो. पडद्यावर तो झगझगीत, छान वाटतो; मोठा करून पाहिला की पाकळीवर एकही रेघ नसते. काळोखा फोटो नंतर उजळता येतो, जळलेली पाकळी परत मिळत नाही.

झाडावरच्या फुलांना मात्र उलटे करावे लागते. वैशाखात बहावा किंवा ताम्हण खालून टिपताना मागे पांढरे आकाश असते, फोन आकाशाला घाबरून फूल काळे करतो. तिथे अधिक ०.७ ते अधिक १. त्याहून उत्तम म्हणजे अशा जागी उभे राहणे, की घोसाच्या मागे आकाशाऐवजी दुसऱ्या झाडाची किंवा इमारतीची सावलीतली बाजू येईल. ताम्हण हे आपले राज्यफूल; सकाळी ताजे असतानाच त्याचा जांभळा-गुलाबी रंग खरा येतो, जुनी फुले फिकटतात आणि एकाच घोसात दोन्ही छटा दिसतात.

जांभळ्याची गोष्ट निराळी. कारवी, मंजिरी, मारांडी ही जांभळी फुले सावलीत फोनवर सरळ निळी होतात. सावलीतला उजेड मुळात निळसर असतो, आणि फोनचा आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल साधणारी सोय, तो निळेपणा पुरता सावरत नाही. प्रो मोडमध्ये, म्हणजे सगळे हाताने लावता येते त्या मोडमध्ये, हा बॅलन्स ६००० ते ७००० केल्विनवर ठेवा आणि तिथल्या तिथे पडदा फुलाशेजारी धरून ताडून पाहा. घरी आल्यावर आठवणीने रंग सुधारू नये. डोळ्याला खात्री वाटत असते, पण रंग खरा लागत नाही. ‘एआय सीन’, ‘व्हिव्हिड’ अशा सोयी कायमच्या बंद ठेवाव्यात. पाने विषारी हिरवी आणि पाकळ्या प्लास्टिकच्या दिसतात त्या त्यांच्यामुळे.

वारा हा या कामातला खरा अडथळा. अलीकडचे फोन एका वेळी एक फोटो काढत नाहीत, पाठोपाठ अनेक काढून त्यांचा एक करतात. त्या क्षणार्धात देठ हलला की पाकळीला दुहेरी कड येते. प्रो मोडमध्ये शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान ठेवा, लागले तर १/५००. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ४०० पर्यंत निर्धास्त; ८०० च्या वर फोन दाणे पुसता पुसता पाकळीचा पोतही पुसतो. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात शटर हाताने लावता येत नाही, त्यासाठी वेगळे ॲप लागते. ते नको असेल तर बर्स्ट (एका दाबात पाठोपाठ अनेक फोटो) वापरा आणि वारा पडण्याची वाट पाहा. वारा एकसारखा वाहत नाही. फुलाकडे पाहत राहिले की दोन झुळकांमधला थांबा कळू लागतो. आपल्याकडे खाडीवरून येणारे वारे दिवस चढेल तसे वाढतात, म्हणून सकाळी नवाच्या आत काम उरकावे. ५० किंवा २०० मेगापिक्सेलचा पूर्ण मोड वाऱ्यात वापरू नये; तो जास्त वेळ घेतो आणि हललेल्या फुलाची चूकच मोठी करून दाखवतो.

एक साधी काळी छत्री बरोबर असावी. वाऱ्याच्या बाजूने धरली की झुळूक अडते. दुपारचे कडक ऊन पडले असेल तर फुलावर सावली करता येते. फुलामागे दीड-दोन हात लांब धरली तर गर्द, निवांत पार्श्वभूमी मिळते, आणि मागची फांदी मोडावी लागत नाही. फांदी मोडणारे लोक असतात, म्हणून हे लिहावे लागते. रंगीत छत्री मात्र नको. निळ्या छत्रीखाली पांढरे फूल निळेच येते. ऊन मऊ करायचे असेल तर फुलाच्या वर हातभर अंतरावर बटर पेपरचा मोठा तुकडा धरा. फुलाची सावलीतली बाजू उजळायला एक कोरा पांढरा कागद पुरतो. फ्लॅश वापरू नका, इतक्या जवळून तो पाकळीच्या मधोमध पांढरा ठिपका पाडतो. मुळात ढगाळ सकाळ ही रानफुलांसाठी सर्वांत चांगली वेळ. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती फुकट मिळते.

पावसाळ्यात फोटो भुरकट येण्याचे आणखी एक कारण अगदी क्षुल्लक असते. एसी गाडीतून उतरल्याबरोबर थंड लेन्सवर बाष्प धरते. पुसले तरी पुन्हा धरते. फोन दहा-पंधरा मिनिटे बाहेरच्या हवेत ठेवावा आणि मगच चष्म्याच्या कोरड्या कापडाने पुसावा. शर्टाच्या टोकाने पुसल्यास घामाचे तेल लेन्सवर पसरते आणि उजेडाभोवती धुके दिसते. पडद्यावर थेंब पडले की बोटाचा स्पर्श भलतीकडे लागतो, तेव्हा आवाजाच्या बटणाने फोटो काढावा. फोनचे पाण्यापासूनचे संरक्षण गोड्या पाण्यात तपासलेले असते. खाडीकाठी खारे पाणी उडाले तर चार्जिंगची खाच लगेच गोड्या पाण्याच्या ओल्या कापडाने पुसून वाळू द्यावी, तोवर चार्जर लावू नये.

कोणते फूल कधी उघडते हे माहीत नसले तर बाकी सगळी तयारी वाया जाते. केना सकाळी उमलतो आणि दुपारपर्यंत मिटतो. रानहळदीच्या माथ्यावरचा गुलाबी तुरा हे फूलच नव्हे, ती रंगीत छदे, म्हणजे फुलांखालची पानांसारखी आवरणे आहेत. खरी पिवळी फुले खालच्या हिरव्या छदांच्या खिशातून डोकावतात, फोकस तिथे हवा. खाडीकाठच्या पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. तिची फुले संध्याकाळी उमलतात आणि पहाटेपर्यंत पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका गळून पडतो, त्यामुळे दिवसाढवळ्या तिथे जाऊन हाती फक्त हिरवे फळ लागते. मारांडी उन्हाळ्यात फुलते, दिवसा टिपता येते, पण तिची पाने काटेरी आणि पायाखाली गाळ; तिचा फोटो काठावरून टेलिफोटोनेच घ्यावा. ठाणे खाडीला २०२२ पासून रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान आहे. त्या चिखलात एकेक रोप रुजायला किती अवधी लागतो हे ज्याने पाहिले आहे तो त्यात पाय घालणार नाही.

हाताला सवय व्हायला जंगल लागत नाही. सोसायटीच्या भिंतीकडेला उगवणारी एकदांडी, टाकळा, कुर्डू, केना यांच्यावर महिनाभर सराव करावा. एकदांडीचे फूल पांढरे-पिवळे, वाऱ्यावर डुलणारे आणि बारीक आहे. उजेड, वारा आणि अंतर या तिन्ही गोष्टींची परीक्षा ते एकटेच घेते.

कारवीबद्दल थोडे जास्त लिहितो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे येऊरच्या बाजूलाही, ती आठ वर्षांनी एकदम फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ ही तिची वर्षे. पुढचा मोठा बहर २०३२ च्या सुमारास. कारवीचे रोप आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. फोटोसाठी मोडलेली फुलती फांदी म्हणजे त्या रोपाची आठ वर्षांची कमाई गेली. पुढच्या वर्षी पुन्हा फुलेल अशी सोय तिथे नाही. झुडूप माणसाच्या उंचीचे असते, फुले डोळ्यासमोर येतात. वाटेवर उभे राहून २x किंवा ३x ला सगळे मिळते. आत शिरण्याचे काहीच कारण नसते. राष्ट्रीय उद्यानातून फूल तोडणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, हे अनेकांना ठाऊकच नसते. फुले-पाने यात येत नाहीत असा समज आहे. येऊरच्या प्रवेशाच्या वेळा आणि खारघरला पांडवकड्याच्या परिसरात पावसाळ्यात लागू होणारी बंदी, दोन्ही पाळाव्यात. गुडघा टेकण्याआधी काठीने गवत हलवून पाहावे. घोणस आणि चापडा या दिवसांत तिथेच असतात. कळलावीचा वेल सर्वांगाने विषारी आहे, कंद तर फारच; मुलांना हाताळू देऊ नये. फुलावर पाण्याचे फवारे मारून दव केल्याचे फोटो आम्हाला मान्य नाहीत. परागकण धुतले जातात, आणि फोटो खोटा ठरतो तो वेगळाच.

ओळख पटवायची असेल तर एक सुंदर फोटो पुरत नाही. फुलाचा समोरून, फुलाचा बाजूने, पानांची देठावरची मांडणी, पानाची मागची बाजू, आणि सगळे रोप त्याच्या जागेसह, असे पाच घ्यावेत. तेरड्याच्या कुळात फुलामागची नळीसारखी शुंडिका किती लांब आणि कशी वळलेली, यावर जात ठरते, आणि समोरून काढलेल्या फोटोत ती दिसतच नाही. हबेनारियासारख्या आमरींचेही (ऑर्किडचेही) तेच. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, या एका गोष्टीने निम्मे पर्याय बाद होतात. मोजमापासाठी फुलाशेजारी, त्याला न टेकवता, पट्टी किंवा नाणे धरावे. गूगल लेन्स जे नाव सांगते ते तसेच्या तसे फोटोखाली लिहू नये; ते बागेतल्या परदेशी नातेवाइकाचे नाव बिनदिक्कत सांगते. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर पाचही फोटो टाकले तर जाणकार माणसे तपासतात.

शेवटी आपल्या कार्यालयाकडे फोटो पाठवण्याविषयी, कारण तिथेही पुष्कळ चांगले फोटो बिघडतात. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि दाब देऊन फाइल लहान केली जाते. त्यातून फूल क्रॉप केले की छपाईला काही उरत नाही. २०० डीपीआयने (इंचाला २०० ठिपके) सहा इंच रुंद छापायचे तर १२०० पिक्सेल लागतात, आणि ते क्रॉप केल्यानंतर लागतात. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने मूळ फाइलच पाठवावी. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, पडद्यावर गर्द दिसणारी पार्श्वभूमी छापून आल्यावर काळा गोळा होते. पाठवण्याआधी फक्त सावल्या थोड्या उजळाव्यात आणि रंग वाढवू नयेत.

पण मूळ फाइलबरोबर ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही जातात. साध्या फोटोतून व्हॉट्सॲप ते काढून टाकते, डॉक्युमेंटमधून नाही. दुर्मीळ आमरी किंवा कंद असलेल्या वनस्पतीची नेमकी जागा बाहेर पडली की तिथे आधी रीलवाले आणि मग खणणारे पोचतात. त्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवावे, आयफोनवर पाठवताना वरच्या पर्यायांतून लोकेशन काढावे, आयनॅचरलिस्टवर जागा झाकून ठेवण्याचा पर्याय निवडावा. संपादक महोदय, आपल्याकडूनही दोन गोष्टी व्हाव्यात. फोटो मागवण्याच्या चौकटीत ‘तोडलेल्या फुलाचा फोटो स्वीकारला जाणार नाही’ अशी एक ओळ घालावी. आणि ओळ देताना फोटोखाली ‘येऊर, ठाणे’ किंवा ‘खारघर’ एवढेच छापावे. ओढ्याचे, पाड्याचे किंवा वाटेचे नाव वाचकाने स्वतःहून लिहून पाठवले असले तरी ते वगळावे.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईतील रानफुलांचे काही छायाचित्रकार वाचक